तिसरी

"नाव ठेवून होईपर्यंत तोंडं मिटून ठेवा," वेत्तियाने सकाळपासून चौथ्यांदा बजावलं. "नंतर काय हवं ते बोला."

मुलगी आज आठ दिवसांची झाली होती. रोमच्या नदीकाठी, दोरखंडांच्या दुकानामागच्या खोलीत चूल पेटवलेली होती. मधाची पोळी झाकून ठेवली होती. नवरा लोल्लियुस धुतलेल्या अंगरख्यात अवघडून उभा होता. वेत्तिया दर थोड्या वेळाने पाळण्यावर वाकायची आणि बाळाच्या नाकाशी बोट धरायची.

याआधी तिला दोन मुली झाल्या होत्या. एक तिसऱ्या दिवशी गेली, दुसरी सातव्या. आठवा दिवस न पाहिलेल्या मुलीला नाव मिळत नाही. दोघींना घराच्या वळचणीखाली पुरलं, आणि त्यानंतर त्यांच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमच्यात नशिबाला 'फातुम' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच: बोललेलं. कुणीतरी काहीतरी बोलून जातं आणि ते माणसाच्या मागे लागतं. म्हणून शुभ वेळी भलता शब्द निघू नये, याला सगळे जपतात.

वेत्तियाला धास्ती होती ती म्हाताऱ्या नणंदेची. ती बाजारात मासे विकायची आणि तिच्या तोंडाला दार नव्हतं. पण बाळाला पाळण्यातून उचलून, कपाळाला थुंकी लावून दृष्ट काढायचा मान आत्याचाच. तो कुणाला देणार?

"वन्सं, नुसतं बोट टेकवा," वेत्तिया म्हणाली.

"अगं हो गं बाई. मला काय कळत नाही?"

नणंदेने बाळाला उचललं. मधलं बोट जिभेला लावलं, कपाळावर टेकवलं. बाळाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि म्हातारीला भरून आलं.

"ये गं माझी तिसरी," ती म्हणाली. "ये, तेर्तिया."

घरातल्या साऱ्या मुलींना आमच्याकडे कुळाचं एकच नाव असतं. ही नुसती लोल्लिया व्हायची होती. एकीहून जास्त असल्या तरच पुढे पहिली, दुसरी, तिसरी लावायचं. तिसरी म्हटलं की पहिल्या दोघी मोजल्या गेल्या.

"कुणी काही ऐकलं नाही!" लोल्लियुस ओरडला.

"जळो माझी जीभ," नणंद पुटपुटली. हिलारा सुईण पुढे धावली आणि तिच्याकडून बाळ काढून वेत्तियाच्या हातात दिलं.

"नाकार, पोरी," हिलारा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. 'मी हे घेत नाही' म्हण. ऐकणाऱ्याने घेतला नाही तर शब्द फुकट जातो. आईने म्हणायला हवं. म्हण!"

"मी हे..." वेत्तियाने सुरुवात केली. तिने ओठ ओले केले, पुन्हा तोंड उघडलं, आणि तिची नजर नणंदेवर गेली. म्हातारी भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबून.

"वन्सं, कितवी म्हणालात?"

"काही नाही गं. चुकले मी."

"कितवी?"

"तिसरी," नणंद रडत म्हणाली.

"म्हणजे तुम्ही मोजत होतात."

"मोजू नको तर काय करू? माझ्या हातांनी धुतलं दोघींना. तुम्ही विसरला असाल."

"वेत्तिया, वेळ घालवू नकोस!" हिलाराने तिचा दंड धरला. "लवकर म्हण."

वेत्तियाने बाळाला छातीशी घट्ट धरलं. ते कण्हलं तशी तिने पकड सैल केली.

"घेतला," ती म्हणाली. "मी हा शब्द घेतला."

"काय केलंस हे!" हिलाराने कपाळावर हात मारून घेतला. "मेलेल्यांच्या रांगेत उभी केलीस पोरीला!"

"रांगेत कशाला? पाठची बहीण आहे ती त्यांची." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही नाव घ्या आता."

दोर वळून सोलवटलेले हात लोल्लियुसने एकमेकांवर घासले. मग तो पुढे आला आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लोल्लिया तेर्तिया."

पोळी कापली गेली. फारसं कुणी खाल्लं नाही. हिलारा नजर चुकवून लवकर निघून गेली. नणंदेला वेत्तियाने जबरदस्तीने थांबवून घेतलं. दुपारभर वेत्तियाने मुलीला खाली ठेवलं नाही. जरा ती निपचित वाटली की तिच्या तळपायाला टिचकी मारायची, रडली की श्वास सोडायची. घेतलेला शब्द परत करता येतो का, हे विचारायचं तिच्या ओठांवर दोनदा आलं, पण विचारणार कुणाला?

लोल्लियुस तिच्याशेजारी येऊन जमिनीवर बसला.

"मग थोरली प्रीमा," तो म्हणाला.

"हं."

"आणि मधली सेकुंदा."

"हं."

त्याने बाळाच्या केसांवरून बोट फिरवलं.

"सेकुंदाचे केस लाल होते," तो म्हणाला.

"लाल कुठले?" वेत्तिया म्हणाली. "तांबूस होते."