पाटोडीचा डबा

“हे वाक्य खोटं आहे,” रोहित म्हणाला आणि त्यानं पेन टेबलावर ठेवून दिलं.

वेदिकाच्या ऑफिसातली मीटिंगची छोटी खोली. टेबलावर दोघांच्या संमतीनं घटस्फोट मागणारा अर्ज. वेदिका वकील, त्यामुळं अर्ज तिनंच तयार केला होता. इतरांचे असे अर्ज करून करून तिचा हात बसला होता. स्वतःचा करताना मात्र मधेच उठून तोंड धुवावं लागलं.

“कोणतं वाक्य?”

“हे. ‘आम्ही एक वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत आहोत.’ काहून वं, काल मी कुठं होतो? घरीच होतो ना? तू कुठं होती? एकाच पलंगावर झोपतो आपण. अन् कोर्टाले सांगायचं, वेगळे राहतो म्हणून? खोट्यावर सही नाही करत मी.”

“वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच पाहिजे असं नाही, रोहित. एका घरात राहूनही नवरा-बायकोसारखे राहत नसले, तरी कायदा त्याला वेगळंच म्हणतो. हे वाक्य नसलं तर अर्ज चालत नाही.”

“नाही चालत तर नको चालू दे!”

वेदिकानं मान वर केली. रामटेकच्या या हट्टी माणसाला ती चांगली ओळखून होती. तो कायद्यावरून भांडत नव्हताच. त्याला सही करायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही नको होती.

मग हे इथवर आलं कसं? भांडण नव्हतं, सासूचा जाच नव्हता, तिसरं माणूस नव्हतं. आठनंतर थांबेल त्याला रात्रीचं जेवण ऑफिसचं, अशी इथली पद्धत. तिला इथं नोकरी लागली तेव्हा दोघांनाही त्याचं काय कौतुक! स्वयंपाकाची कटकट गेली म्हणून रोहितनं मित्रांना पेढे खिलवले होते. पण फुकट जेवलेल्या माणसाला लगेच उठून घरी जाता येत नाही, हे पुढं कळलं. हात धुतले की सगळी पोरं-पोरी पुन्हा फायलींना भिडत. ती घरी पोचायची तेव्हा तो झोपलेला. तो कळमेश्वरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघायचा तेव्हा ती झोपलेली. रविवारीही तिला ऑफिस, नाही तर त्याला गावाकडे काम. सुरुवातीला तो तिचं ताट झाकून ठेवायचा, मग ठेवेनासा झाला. एका रविवारी तो म्हणाला, “याले काही अर्थ नाही राहिला.” ती म्हणाली, “नाहीच राहिला.” दोघंही इतके दमले होते की कोणी कोणाला अडवलं नाही.

आता रोहितनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

“पाटोडी केली. आज सुट्टी टाकली होती. आईले फोनवर विचारू विचारू केली. तुले आवडते ना? पहिल्यांदा गावाकडं आली होती तेव्हा वाटीला तोंड लावून रस्सा प्यायली होती तू.”

“सगळ्यांसमोर!” वेदिका हसली. या खोलीत ती कधी अशी हसली नव्हती.

तिनं झाकण उघडलं. रस्स्यावर लाल तर्रीचा थर होता. बेसनाच्या वड्या जरा वाकड्यातिकड्या कापल्या गेल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वासानंच पाणी? अजून खाल्ली कुठं तू!” तो खूश होऊन म्हणाला. “जेव आता. मग घरी जाऊ. हा कागद राहू दे इथंच.”

घरी जाऊ. किती दिवसांनी ऐकलं हे तिनं! तिनं चमचा भरला. तो तोंडापाशी नेताना तिचा हात क्षणभर अडखळला. पण काय व्हायचं ते होवो, आज हे खायचंच, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात दार ढकलून मेघा आत आली. तिच्याच बरोबरीची वकील. हातात ऑफिसचं जेवण होतं.

“वेदिका, हा घे तुझा दहीभात...” तिची नजर डब्यावर गेली. “अगं, पागल झाली का? ठेव तो चमचा!” तिनं तो हातातून काढूनच घेतला. “अल्सर आहे ना तुले? डॉक्टरनं तिखट, तेल सगळं बंद केलं ना?” मग रोहितकडं वळून म्हणाली, “मागच्या वर्षी उन्हाळ्यात पोट धरून इथंच खाली बसली होती ही. आम्हीच दवाखान्यात नेलं. तेव्हापासून हिचं जेवण वेगळं येते, सगळ्या ऑफिसले माहीत आहे. तुमची काही चूक नाही म्हणा. क्लायंट लोकांना कसं माहीत असणार!”

दहीभात ठेवून ती निघून गेली. दार आपोआप लागलं.

“मागच्या वर्षी?” रोहित म्हणाला.

“त्या दिवशी सांगणार होते. घरी आले तर तू झोपला होता. उठवावंसं वाटलं नाही. सकाळी उठले तर तू निघून गेला होता.” तिचा आवाज खाली गेला. “मग राहूनच गेलं.”

रोहितनं पाटोडीच्या डब्याचं झाकण लावलं. नीट दाबून लावलं. दहीभात तिच्यासमोर सरकवला.

“जेव,” तो म्हणाला.

मग त्यानं अर्ज जवळ ओढला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. त्याचा हात पेनाकडं गेला तशी वेदिकानं तो घट्ट धरला.

“रोहित, तू म्हणाला होता ना, खोट्यावर सही नाही करत?”

“नाहीच करत,” तो म्हणाला. त्यानं हलकेच तिचा हात बाजूला केला आणि सही केली.