तांबड्या पेशीचे उत्तर

घरे रंगविणाऱ्या त्या गृहस्थाशी आईचा पुनर्विवाह होऊन बराच काळ लोटला, तथापि मुलगी त्यास 'काका' असेच संबोधीत असे. त्याने कधी तक्रार केली नाही. केवळ वाट पाहिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मानवी पेशीत डीएनए किती दाट भरलेला असतो, याचा अंदाज बांधीत बसली होती.

"डब्यात पाणी किती नि रंग किती, एवढंच ना?" त्याने विचारले.

"तेवढंच, काका. पेशी म्हणजे डबा."

भाजी निवडीत बसलेली मावशी हसली. "भाऊजी, रंगाचे कितीही हात मारा, रक्ताचं नातं काही त्याने येत नाही."

तो ब्रश पुसू लागला.

मुलीने त्वचेच्या पेशीचे गणित संपवून रक्तातील तांबड्या पेशीचे घेतले आणि तत्क्षणी पेन खाली ठेवले.

"झालंसुद्धा?" मावशीने विचारले.

"शून्य आलं, मावशी. जिच्यामुळे रक्त लाल दिसतं, त्या पेशीत डीएनए नसतोच मुळी." मग ती त्याच्याकडे वळली. "बाबा, ते डब्याचं पुन्हा एकदा सांगा ना."

पाणी किती नि रंग किती, हे त्या गृहस्थास काही केल्या आठवेना.