त्याच्या नावाची ओ

सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी असलेली भेग दुपारी घराच्या पायऱ्यांशी येऊन टेकली. रोझिनेते अंगणात उभी होती. आईला भेटायला मानाउस शहरातून दोन दिवस बोटीनं येऊन ती नुकतीच धक्क्यावर उतरली, तर घरी पोचण्याआधीच चौघांनी सांगितलं, "पळ, म्हातारीला बाहेर काढ."

नदीचं पाणी उतरू लागलं की आमच्याकडचा काठ असाच जातो. आतून पोखरला जातो मेला, वरून काही कळत नाही. मागल्या वर्षी तंबाखूवाल्याचं अख्खं दुकान गेलं, तराजूसकट.

सामान काढून झालं होतं. झोपायच्या झोळ्या, भांडी, शिवणयंत्र, भिंतीवरचा संत अंतोनियो, सगळं शेजारच्या किरिनोनं हातगाडीवर लादलं होतं. राहिली होती ती फक्त तिची आई, झुल्मिरा. म्हातारी दारात उभी, दोन्ही हातांनी चौकट धरून, तोंड रिकाम्या घराकडे.

"काकी, उतरा आता!" किरिनो ओरडला. "नदीचा घास व्हायचंय का?"

"गप रे. नावं घेतल्याशिवाय कुणी घर सोडतं का?"

खरंच होतं ते. काठावरचं घर कायमचं सोडताना त्या घरात राहिलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची, म्हणजे कुणाचा जीव मागे राहत नाही. जिवंत माणसानं स्वतःची ओ स्वतःच द्यायची. तो बाहेरगावी असला तर तो येईपर्यंत घर सोडायचं नाही. मेलेल्याची ओ घरच्या दुसऱ्या कुणीतरी द्यायची.

"रोझिनेते!"

"ओ!"

"बेनेदितो!" हा म्हातारीचा नवरा. सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. रोझिनेतेनं बापाची ओ दिली. मग आजीची दिली. देताना तिची नजर भेगेवरून हलत नव्हती. मघाशी त्या भेगेत हात गेला असता, आता पाय गेला असता.

म्हातारीनं खांद्यावरून उगाच हात फिरवला आणि हाक मारली, "आदाइल्तोन!"

कुणी ओ दिली नाही. आदाइल्तोन रोझिनेतेचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी होडी घेऊन मासे धरायला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. गाव काय ते समजून चुकलं होतं, पण म्हातारीसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. तो आला तर त्याला घर सापडायला हवं, असं म्हणत ती मानाउसला जायला दरवर्षी नकार द्यायची.

"आदाइल्तोन!"

जमिनीखाली काहीतरी बसल्यासारखा जड आवाज झाला. घराचे लाकडी खांब करकरले आणि खालची पायरी एका बाजूला कलली.

"दे ना गं ओ," किरिनो कुजबुजला. "सुटू दे म्हातारीला."

"तूच दे."

"मी काय घरचा आहे?"

एवढीशी ती ओ. पण दिली की भाऊ मेला, आणि तोही आपल्या तोंडून. नाही दिली तर आई जाते. देवा, हे माझ्यावर का आणलंस, असं रोझिनेतेच्या मनात आलं आणि तिला रडूच फुटलं.

म्हातारीनं तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी अगदी साधी, पोराला जेवायला बोलवावं तशी. ती हाक संपते न संपते तोच कुंपणाजवळचं पेरूचं झाड उभंच्या उभं खाली गेलं. धप्पकन पाणी उडालं.

"ओ!" रोझिनेते किंचाळली. "ओ! ओ!"

म्हातारी वळली. कुणाचा हात न धरता कललेल्या पायऱ्या उतरली, लेकीच्या बरोबरीनं चालत वर चर्चच्या ओट्यापर्यंत गेली आणि बसली. त्यांच्या मागे स्वयंपाकघर गेलं. बघायला आलेल्या बायका ओरडल्या, पण म्हातारीनं मान वळवली नाही. तिनं रोझिनेतेचं मनगट धरलं.

"घाबरून दिलीस ना?"

"काय?"

"ओ. घाबरून दिली असशील तर ती धरत नाहीत. दार अजून उभं आहे, मी जाते परत." आणि ती खरंच उठू लागली.

रोझिनेतेनं खाली पाहिलं. दार उभं होतं. दाराच्या मागे घर नव्हतं, नुसतं तांबूस पाणी होतं. घाबरून दिली होती. अंगातलं हाडन् हाड घाबरलं होतं तिचं, अजूनही घाबरलेलंच होतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "घाबरून नाही दिली."

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. किरिनो हातगाडीची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधत होता. मग मनगटावरची पकड सैल झाली आणि म्हातारी खाली बसली.

"किरिनो," ती म्हणाली, "परवा मृतांचा दिवस. बाजाराकडे जाशील तर मेणबत्त्या आण रे. दरवर्षी एक आणतोस. यंदा दोन आण."