कांबीची वही

भट्टीत वजन लावून टांगलेली पोलादाची कांब रोज केसाच्या जाडीहूनही कमी, पण लांबते. आमच्या डोक्यावरून जाणारा बॉयलरच्या वाफेचा पाइप त्याच पोलादाचा, म्हणून पाइप किती टिकेल ते कांबीवरून ठरतं. प्रयोगशाळेतल्या काकांनी एकोणीस वर्षं रोज सकाळी दहाला ती मोजली. ते वारले आणि वही माझ्याकडे आली. बघते तर काय, पुढच्या आठ महिन्यांची मापं आधीच भरलेली!

"म्हाताऱ्याने बसल्या जागी आकडे ठोकलेत," मी चिडले. पण रोज मोजलं, आणि रोज तोच आकडा निघाला. वहीतल्या शेवटच्या ओळीत आजची तारीख होती आणि पुढे एकच शब्द: तुटली.

काल साहेबांना दाखवलं, तर ते हसले. "अगं, मेलेल्या माणसाच्या वहीवर कुणी बॉयलर बंद करतं का?"

आज दहाच्या ठोक्याला भट्टीतलं वजन धाडकन खाली आलं. सवयीने नोंद करायला पान उलटलं. मागे काकांचंच अक्षर होतं.

"साहेबांनी ऐकलं नसेलच. आता पळ, पोरी."