दार उघडल्याची वेळ

विमानाचं दार सकाळी सात वाजून चौतीस मिनिटांनी उघडलं, असं विमान कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं.

झुलमिराने ती ओळ पुन्हा वाचली. चष्मा पुसून आणखी एकदा वाचली. टोरांटोहून पोर्तुगालमधल्या पोर्तुला आलेल्या विमानाला एक तास चार मिनिटं उशीर झाला होता. भरपाई मिळायला उशीर निदान तीन तासांचा हवा, आणि तो मोजायचा विमानाचं दार उघडेपर्यंत. सबब आपले बंधू अमांदियु यांचा दावा नियमात बसत नाही. खाली सही आणि निळा शिक्का.

पोर्तुहून गाव अडीच तासांवर. सकाळी उतरलेला माणूस दहाला घरी यायला हवा. अमांदियु दारात उभा राहिला तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते. "विमान अकरा तास लेट झालं गं ताई," तो म्हणाला होता. बाबांना माती देऊन तोवर दोन तास उलटले होते.

सगळं गाव त्याच्यासाठी खोळंबलं होतं. चारला निघायचं ठरलं होतं. शवपेटी उघडीच होती, पाद्री सारखे घड्याळ बघत होते. झुलमिराने त्यांच्याकडून एक तास मागून घेतला. आई मात्र म्हणाली होती, "कुणासाठी थांबायचं नाही. झाका." पाचला झाकलंच. चौथा खांदा गावच्या न्हाव्याने दिला.

पुढे कॅफेत दारूच्या पेल्यांबरोबर हाच विषय. "कॅनडावाल्यांचं बरं असतं. बापाच्या मयतीलाही पाहुण्यासारखं यायचं." "अरे, जमिनीवरून बापाशी भांडून गेलेला तो. एकोणीस वर्षांत नाही आला, तो काय पेटी उचलायला येणार?"

गावाचं झुलमिराने मनावर घेतलं नाही. तिला टोचत होतं ते आईचं वागणं. पाच महिने झाले, आईने मुलाचं नावही घेतलं नव्हतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. फोन वाजला की आई दाण्यांचं भांडं उचलून मागच्या दारी निघून जायची.

"आई बोलेल का माझ्याशी?"

"कोंबड्यांना दाणे घालायला गेलीय."

"फार खातात गं आपल्या कोंबड्या," तो हसायचा आणि विषय बदलायचा.

तेव्हा झुलमिराच्या मनात दाव्याचं आलं. सहाशे युरोंचं तिला काही नव्हतं. उशीर विमानाचा होता, मुलाचा नव्हता, एवढं कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यायला हवं होतं. तो कागद आईपुढे ठेवायचा, म्हणजे आई फोन घेईल. भावाकडे विषय काढला तर तो म्हणाला, "सोड ना ताई. त्यांचं तरी काय चुकलं?" आई म्हणाली, "कागदानं काय होतंय?" तरी तो फडताळावर विसरून गेलेला बोर्डिंग पास घेऊन तिने त्याच्या नावाने दावा केला. त्याला न सांगता.

आणि आता हे. दहा तास! बाप पेटीत, न्हावी खांद्याला, आणि हा कुठे बसून होता?

"त्यांचंच ना पत्र?" आईने विचारलं. ती सूपसाठी कोबीची पानं बारीक चिरत होती. तिला वाचता येत नव्हतं. "काय म्हणतात?"

रविवारी फोन आला की त्याला काय काय ऐकवायचं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण आई एक्याऐंशी वर्षांची होती. किती रविवार उरले होते तिचे?

झुलमिराने कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचल्यासारखं केलं. "विमानाला अकरा तास उशीर झाला. चूक सर्वस्वी आमची आहे. आपल्या भावाचा यात काहीही दोष नाही."

सुरी थांबली.

"असं नसेल लिहिलेलं," आई म्हणाली.

"असंच आहे. हा बघ शिक्का."

"सकाळी पावणेआठला पोर्तुहून फोन आला होता त्याचा. तू चॅपेलमध्ये फुलं लावत होतीस. मी घेतला."

झुलमिराने कागद टेबलावर ठेवला. "म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मुद्दामच आला नाही तो."

"मी त्याला सांगितलं, माती देऊन होईपर्यंत येऊ नकोस." आईची नजर पानांवरच होती. "तुझ्या बाबांनी जाताना माझा हात धरून शब्द घेतला. 'त्यानं ज्या हातानं मला मारलं, तो हात माझ्या पेटीला लागता कामा नये.' मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडायची माझी छाती झाली नाही."

"मारलं? जमिनीवरून?"

"जमीन कसली घेऊन बसलीस! लोकांना सांगायला काहीतरी हवं होतं. तू सासरी होतीस. बाबांचा राग तुला ठाऊकच आहे, त्या दिवशी त्यांनी माझा गळाच धरला होता. पोरानं सोडवलं मला."

"तुला सोडवलं, आणि तू त्यालाच येऊ दिलं नाहीस? वर पाच महिने त्याच्याशी बोलतही नाहीस?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" आईने सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी फोनवर मला रडू फुटलं. म्हटलं, लोक विचारतील, काय सांगू त्यांना? तर मलाच म्हणाला, 'रडू नकोस आई. सांग, विमानाला उशीर झाला.'"