शकुबाईची किडनी

"रक्तगट जुळला," डॉक्टर म्हणाले, आणि शकुबाईला हायसं वाटलं. आपली एक किडनी नवऱ्याला द्यायची, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. हिंदुराव ऐकायला तयार नव्हते. तिनं अबोला धरला, तेव्हा कुठं ते तिची तपासणी होऊ द्यायला कबूल झाले.

बारामतीच्या दवाखान्यात तिचे पुण्याहून आलेले रिपोर्ट टेबलावर पडले होते. डॉक्टरांनी दुसरा कागद वर घेतला.

"पण तुमची किडनी घेता येणार नाही, काकू. तुम्हालाही साखर आहे. लघवीतून प्रोटीन जायला लागलंय."

"मला? मला तर काय बी होत न्हाय."

"यांनाही कुठं होत होतं?" डॉक्टरांनी समोर स्टुलावर बसलेल्या हिंदुरावांकडं मान वळवली.

ते खरंच होतं. साखर निघाली तेव्हा हिंदुराव आपल्या गावात, पणदऱ्यात, हसत सांगत फिरले होते, "उसात जलम गेला, अंगात साखर न्हाय तर काय मीठ निघंल?" गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. मग पाय सुजले. बांधावर चढताना दम लागू लागला, तो त्यांनी वयावर ढकलला. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं, कळ न येताच हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि दोन्ही किडन्याही जायला आल्या होत्या.

"दुखणी वेगळी नाहीत," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "साखरेनं आतून दोन्हीकडं पोखरलंय. आता किडनी हार्टला ओढते आणि हार्ट किडनीला."

शकुबाई उभ्यानंच पुढं सरकली. "असू द्या की थोडी साखर. चालंल तेवढी चालंल माझी."

"एक काढली तर उरलेलीवर भार येईल. तीही जाईल."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. 'मी नको म्हणत होतो,' असं ते म्हणतील, असं तिला वाटलं. हिंदुराव डॉक्टरांकडं बघत होते.

"डाक्टर, हिचं काय काय वाचंल?"

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या दुखण्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"सगळंच वाचेल. आजपासून सांभाळलं तर."

हिंदुराव टेबलाची कड धरून उठले. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. डॉक्टरांसमोरचं आपलं स्टूल त्यांनी पायानं तिच्याकडं सरकवलं.

"बस हितं," ते म्हणाले. मग श्वास जमवत डॉक्टरांकडं वळले. "सांगा. अगदी पयल्यापासनं सांगा. मी ऐकतो."