हरकत असल्यास कळवा

“ताई, ह्या व्हेरिएबलला आता काढून टाक,” हरिओम म्हणाला. “पार डबड्या कीबोर्डच्या जमान्यातलं हाय. कोण वापरायलंय ते?”

गंगाखेडच्या बाजारातल्या एका माडीवर हरिओम आणि राजेश्री मराठी मजकूर लिहायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर सांभाळतात. जुन्या कीबोर्डची बटणं अडकायची, एकदा दाबलं की अक्षर तीनदा उमटायचं. म्हणून कुणीतरी ते व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅममधली एक बारीकशी सोय, घालून ठेवलं होतं. तेच बटण लगोलग परत दाबलं गेलं, तर अक्षर एकदाच धरायचं. आता कीबोर्ड सुधारले. पण ह्यांची रीत अशी की काहीही काढायच्या आधी वापरणाऱ्यांना पडद्यावर सूचना दाखवायची, हरकत असल्यास कळवा.

“एकाचाबी मेल न्हाई आला,” हरिओम म्हणाला. व्हेरिएबल काढलेली नवी आवृत्ती त्यानं उघडून तयारच ठेवली होती.

“मेल न्हाई आला म्हणजे कुणी वापरत न्हाई असं थोडंच हाय?” राजेश्रीचं मन होईना.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. सोनपेठचे माणिकराव. एसटीनं आले होते.

“माझी हरकत हाय,” ते म्हणाले. “सूचनेखाली पत्ता गंगाखेडचा दिसला. म्हणलं, मेल कशाला, जाऊनच यावं.”

हरिओमला हसू आवरेना. “काका, एवढ्यासाठी? काय अडायलंय त्याच्यावाचून तुमचं?”

“ज्वारीवर पुस्तक लिहायलोय. निम्मं झालंय. हे गेलं तर बाकीचं डोक्यातच राहील बघा.”

माणिकराव खुर्चीत बसले, हात कीबोर्डवर नेले, आणि हरिओमचं हसू गपकन थांबलं. हात नुसते थडथडत होते. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून त्यांनी नव्या आवृत्तीत एक शब्द लिहिला. पडद्यावर उमटलं, ‘दददगगगगडडडीी’.

राजेश्रीनं जुनी आवृत्ती उघडून दिली. माणिकराव परत लिहायला लागले. मनगट तसंच थडथडत होतं, बटणं तडतड वाजत होती, आणि पडद्यावर एकेक अक्षर निवांत येऊन बसत होतं. ‘दगडी ज्वारी पाण्यावाचून तग धरते.’

“अगं आई गं!” हरिओमच्या अंगावर काटा आला. तो एकदा हातांकडे बघे, एकदा पडद्याकडे. ज्यानं कधीकाळी अडकणाऱ्या बटणांसाठी हे लिहिलं, त्याला तरी कुठं ठाऊक असेल आपण काय करून ठेवलंय ते! हरिओमनं हळूच नवी आवृत्ती बंद केली.

“चहा घेणार ना, काका?” राजेश्रीनं विचारलं.

“अर्धाच दे, बाई. सांडतो.” माणिकरावांची नजर पडद्यावरच्या ओळीवरून हलत नव्हती. “माझे हात कापत न्हाईत अशी एवढीच जागा राह्यलीय.”